हे वाचून तुम्ही थक्क होणार नाही

वाचक पुन्हा पुन्हा कसा यावा, हे शिकवणारे वर्ग सध्या जोरात चालतात. दोन तास, मध्ये चहा, शेवटी प्रमाणपत्र. शिकवणाऱ्याचं लेखन कोणी दुसऱ्यांदा वाचल्याचं ऐकिवात नसतं. पण पोहायला शिकवणाराही काठावरच उभा असतो, तेव्हा त्याबद्दल कुरकुर नको.

पहिला धडा मथळ्याचा. मथळ्यात सगळं काही घालायचं, फक्त बातमी घालायची नाही. 'या' अभिनेत्रीने घेतला मोठा निर्णय. 'या' पदार्थाने झपाट्याने कमी होतं वजन. 'या' तीन राशींचं नशीब उजळणार, वाचा सविस्तर. वाचक बिचारा सविस्तर वाचायला जातो. अभिनेत्रीचं नाव कळतं, पण ती कोण ते कळत नाही. निर्णय केस कापण्याचा निघतो. पदार्थ म्हणजे दुधी. आणि उजळणाऱ्या तीन राशींत आपली रास नसतेच.

आकडा मात्र वाढलेला असतो. मालक खूश, जाहिरातदार खूश. फसलेला वाचक भांडायला येत नाही. तो नुसताच येत नाही. आणि न आलेल्यांचा आकडा कुठल्याच तक्त्यात दिसत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा 'या' अभिनेत्रीला उठवावं लागतं.

दुसरा धडा उत्कंठेचा. शेवट अशा जागी तोडायचा की पुढचा भाग येईपर्यंत वाचकाला झोप लागू नये. दाखला म्हणून टीव्हीवरच्या मालिका दाखवतात. सोमवारी सासूचा हात उठतो. मंगळवारी तोच हात तीन बाजूंनी दिसतो. बुधवारी थप्पड बसायच्या ऐन वेळी दारावरची बेल वाजते. लोक तरीही बघतात, म्हणजे युक्ती चालते, असा वर्गातला निष्कर्ष. मला तो पटत नाही. बघणाऱ्या आजींना थप्पड बसणार नाही हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. त्या थप्पड बघायला बसलेल्याच नसतात. त्या मालिकेतल्या सुनेला भेटायला बसतात. घरची सून लोकलमधून उतरून भाजी घेऊन येईपर्यंत तेवढीच सोबत.

खरं तर माणसं धरून ठेवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे आणि तिची घडण वर्गातल्या धड्याच्या बरोबर उलटी आहे. नारदीय कीर्तन घ्या. आधी पूर्वरंग, म्हणजे एखादा अभंग किंवा पद घेऊन निरूपण. मग नामाचा गजर, बुवांच्या गळ्यात हार, कपाळाला बुक्का, आणि त्यानंतर उत्तररंग, म्हणजे गोष्ट. गोष्टीसाठी आलेल्यालाही निरूपण ऐकणं भाग. आजच्या वर्गात हे बुवा सपशेल नापास झाले असते. पहिल्या तीन सेकंदांत पकड घ्या, गोष्ट आधी टाका, निरूपण गाळा, असा शेरा मिळाला असता. आणि आरतीचं तबक? तेही अगदी शेवटी फिरायचं. कीर्तन आवडलं नाही तर श्रोत्याने काही न टाकता उठून जावं, हा धोका बुवांनी स्वतःच्या पोटावर पत्करलेला होता. आता तबक दारातच पुढे येतं. नमस्कार नंतर.

बरं, उत्कंठेशिवाय माणूस आठवड्यामागून आठवडे परत येतो का? येतो. पुण्यात आला होता.

1890 साली हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं. त्यांचं वय सव्वीस. गावात 'केसरी' होता. दोनच वर्षांपूर्वी निघालेला आगरकरांचा 'सुधारक' होता. आणि हवा होती संमतिवयाच्या वादाची. मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर नेणारा कायदा 1891च्या मार्चमध्ये झाला. त्याआधीचे महिने सभा, अग्रलेख, हँडबिलं आणि शिवीगाळ यांत गेले. टिळक कायद्याच्या विरुद्ध, आगरकर बाजूने, आणि बाकीचं पुणे एकमेकांच्या अंगावर. अशा गावात साप्ताहिक काढायचं आणि त्याला नाव द्यायचं 'करमणूक'! याला धाडस म्हणावं की खोडी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या साप्ताहिकात त्यांची 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरी क्रमशः सुरू झाली आणि 1893 पर्यंत चालली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकिगत स्वतः सांगते. माहेर, सासर, दुर्गी या मैत्रिणीचे हाल, नवऱ्याबरोबर मुंबईत काढलेले बरे दिवस, मग वैधव्य, मग केशवपन. आता सांगा, यात उत्कंठा कसली? विधवेचं पुढे काय होतं हे त्या काळच्या वाचकाला कोणी सांगायची गरज होती? ज्या घरात अंक मोठ्याने वाचला जाई, त्याच घराच्या माजघरात एखादी यमू लाल आलवणात बसलेली असण्याचा पुरेपूर संभव होता. रहस्य शून्य.

वेगही शून्य. आपट्यांवर टीकाकारांचा कायमचा आक्षेप पाल्हाळाचा आहे आणि तो खोटा नाही. यमू लहानपणापासून सुरुवात करते. एक सांगता सांगता भलतीकडे वळते. घरातली भांडणं, बायकांची बोलणी, कोण काय म्हणालं आणि ते ऐकून कोण रुसलं, सगळं सांगते. आजच्या एखाद्या चलाख संपादकाने पहिल्याच हप्त्यातला निम्मा मजकूर उडवला असता. पाल्हाळाबरोबर यमूही उडाली असती, कारण ती त्या पाल्हाळातच राहते. मुलीच्या बोलण्यातली वळणं काढून टाकली की उरतं ते विधवांच्या प्रश्नावरचं निवेदन. तसली निवेदनं तेव्हा पैशाला पासरी होती.

संमतिवयावरचा 'सुधारक'मधला लेख वाचून अंक भिरकावून देणारा गृहस्थही यमूची हकिगत वाचत असणार, असा माझा कयास आहे. कारण यमू त्याच्याशी वाद घालत नव्हती. ती स्वतःबद्दल बोलत होती. वाद घालणाऱ्याला उत्तर देता येतं. ओसरीवर बसून आपलं सांगणाऱ्या पोरीला काय उत्तर देणार? फार तर उठून जाता येतं, आणि पुढच्या आठवड्यात ती बरी आहे ना, हे बघायला यावं लागतं. 'पुढे काय झालं' हा प्रश्न उत्तर मिळालं की संपतो. 'तिचं कसं चाललंय' हा संपत नाही.

आपट्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था, नगरपालिकेचं काम आणि वर दर आठवड्याला छापखान्याचा तगादा, या धबडग्यात त्यांनी वाचकांना लटकतही ठेवलंय. 'कर्मयोग' ही कादंबरी अपुरीच राहिली. पण 'करमणूक' 1917 पर्यंत निघत राहिली. सत्तावीस वर्षं. हल्लीचा हौशी लेखक उत्साहाच्या भरात पहिल्या आठवड्यात सात लेख टाकतो, आठव्याच्या खाली 'क्रमशः' लिहितो आणि थेट सात महिन्यांनी उगवतो. तेव्हाचं पहिलं वाक्य ठरलेलं: बऱ्याच दिवसांनी लिहितोय, क्षमस्व. अहो, क्षमा कोणाची मागताय? जो वाट बघत होता तो गेला. जो आज आलाय त्याला तुम्ही नव्हतात हेच माहीत नाही.

कथानकासाठी नव्हे, माणसासाठी वाचक परत येणं इंग्रजांकडेही घडलं होतं. 1836 साली डिकन्सचं 'पिकविक पेपर्स' महिन्यामहिन्याने सुट्या भागांत निघू लागलं तेव्हा खप अगदीच किरकोळ होता. चौथ्या भागात एका खाणावळीच्या आवारात बूट पुसणारा सॅम वेलर अवतरला आणि बोलू लागला. शेवटाकडे खप चाळीस हजारांच्या घरात गेला. कथानकाला मोठी कलाटणी वगैरे मिळाली नव्हती. एक बोलका माणूस आला होता. प्रकाशकांनी त्यावरून काय धडा घेतला असेल कोण जाणे. आज घेतला असता तर पाचव्या भागात सगळी पात्रं बूट पुसताना दिसली असती.

बोलका माणूस तिरकस बोलणारा असला तरी वाचक येतो. अशा तिरकस लिहिणाऱ्यांचा मूळपुरुष शोधायचा तर मी शिवराम महादेव परांजप्यांपाशी थांबतो. 1898 मध्ये त्यांनी 'काळ' हे साप्ताहिक काढलं. सरकारला शिव्या द्यायची सोय नव्हती, म्हणून ते सरकारची स्तुती करत. ती स्तुती वाचून सरकार सोडून सगळ्यांना समजे की मार कुठे बसलाय. वाचक दर आठवड्याला यायचा तो न छापलेलं वाचायला. शेवटी सरकारलाही वाचता येऊ लागलं. 1908 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात परांजप्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली आणि 1910 मध्ये 'काळ' बंद पडला. आजच्या आमच्यासारख्या तिरकस सदरवाल्यांना एवढा मान कोण देतो? फार तर सोसायटीच्या ग्रुपमधून काढतात, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टँकरचे पैसे द्यायचे असतात म्हणून परत घेतात.

परांजप्यांच्या वाचकाला लेखकाबद्दल एक खात्री होती: हा माणूस मला अर्धं वाक्य देईल आणि उरलेलं माझ्या अकलेवर सोडेल. वाचकाच्या अकलेवर काहीतरी सोडणारे लेखक हल्ली दुर्मीळ झालेत. विनोद केला की शेजारी हसरा चेहरा चिकटवतात. उपरोध केला की खाली 'उपरोध आहे' अशी तळटीप. हसायचं कुठे हे दाखवायला लागलं की वाचक हसत नाही, हसून दाखवतो.

'ललित' मासिकातला ठणठणपाळ आठवतो का? नव्या वाचकांसाठी सांगतो: मुखवट्याआड जयवंत दळवी होते, सदराचं नाव 'घटका गेली, पळे गेली', आणि वसंत सरवट्यांनी ठणठणपाळाला चेहरा दिला होता. साहित्यिकांची टोपी उडवायची, एवढाच धंदा. पण तो वर्षानुवर्षं चालला, कारण दळव्यांचं या माणसांवर मनापासून प्रेम होतं आणि तितकीच त्यांची नस दळव्यांना ठाऊक होती. ज्याची टोपी उडाली तो रागावे, हे खरं. पण ज्याची कधीच उडाली नाही तो जास्त रागावत असणार. ठणठणपाळाने न विचारलेला साहित्यिक म्हणजे साहित्य संमेलनात मंडपाबाहेर उभा राहिलेला.

बाबूराव अर्णाळकरांचं नाव काढलं की समीक्षक अजून घसा खाकरतात. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या या माणसाने. झुंजार, काळापहाड, धनंजय. आता रहस्यकथेत तरी उत्कंठा असणारच, असं कोणी म्हणेल. पण झुंजार शेवटी मरणार नाही हे वाचनालयातल्या पोरालाही माहीत असे, आणि गुन्हेगार सापडणार हेही. तरी पुस्तक परत करून पोरगं तिथल्या तिथे दुसरं मागायचं. त्याला झुंजारच्या सहवासात आणखी एक रात्र हवी असायची. कित्येक मराठी माणसांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लागली. पुढे त्यांनी ती बाब चारचौघांत लपवली आणि ज्ञानपीठवाल्यांची नावं सांगितली.

इथवर आल्यावर सदरलेखकाने जरा खाली उतरायला हवं. वर्तमानपत्र उघडणारा माणूस आधी कुठे जातो? राशिभविष्याकडे. मग शब्दकोड्याकडे. वय साठच्या पुढे असेल तर निधनवार्तांकडे. ओळखीचं कोणी गेलंय का आणि वयाने आपल्यापेक्षा मोठं होतं का, हे बघायला. त्यानंतर चहा उरला असेल तर आमच्याकडे. याचा राग मानण्यात अर्थ नाही. राशिभविष्य रोज येतं, ठरलेल्या जागी येतं, आणि वाचणाऱ्याबद्दल बोलतं. आमच्यापैकी किती जण हे करतात? आम्ही येतो कधीकधी, जागा बदलून येतो, आणि बोलतो स्वतःबद्दल. आज प्रवासाचे योग, असं म्हटलेलं बोरीवलीच्या माणसाला रोज खरं ठरतं. आमचं भाकीत निवडणुकीला एकदाच करायचं असतं, तेही चुकतं.

'कालनिर्णय'चं उदाहरण तर लेखकाचा माज उतरवणारं आहे. 1973 पासून घराघरात भिंतीवर आहे. समोर तिथी, चतुर्थी, एकादशी, सुट्ट्या. मागच्या बाजूला पाककृती, आरोग्य आणि चांगल्या चांगल्या लेखकांचं लेखन. म्हणजे मजकूर महिनाभर घरात, रोज चार माणसं त्याच्यासमोर उभी राहणार. कुठल्याही लेखकाला हेवा वाटावा अशी सोय. फक्त लेखाचं तोंड भिंतीकडे. लोक महिनाभर येतात ते दुधाचा हिशेब मांडायला. लेख वाचला जातो तो कॅलेंडर खाली काढून उलटं केलं तरच, आणि ते बहुतेक मागची पाककृती बघायला काढलेलं असतं.

तरी त्या भिंतीकडून एक शिकण्यासारखं आहे. वार. सदर मंगळवारचं असेल तर ते मंगळवारी दिसलं पाहिजे. लेखकाला ताप आला, पाहुणे आले, सुचलं नाही, ही वाचकाची अडचण नव्हे. सोमवार ते रविवार माणसाचं आयुष्य भलत्याच गोष्टींनी विस्कटलेलं असतं. त्यात एक जागा तशीच सापडते, एवढ्यासाठीसुद्धा लोक येतात. लेख बरा असला तर उत्तमच.

वार पाळण्यात एक सापळा आहे, तोही सांगून टाकतो, कारण मराठी विनोदी सदरं त्यातच सर्वांत जास्त मेली. आठवडा संपत आला, विषय नाही. मग लेखक स्वयंपाकघराकडे बघतो आणि बायकोला लेखात ओढतो. ती खरेदी करते, घोरते, माहेरचं कौतुक सांगते. पुढच्या आठवड्यात पुन्हा ती. मग शेजारचे जोशी. मग पुणेकर दुपारी झोपतात. मग मुंबईकर धावतात. पन्नास आठवड्यांनी वाचक लेख न वाचताच हसतो आणि पान उलटतो. चिं. वि. जोश्यांचा चिमणरावही घरातलाच होता, गुंड्याभाऊही. पण चिमणराव स्वतः फजित होई, बायकोला फजितीसाठी कामाला लावत नसे. एवढ्या एका फरकावर ती जोडी आजही हसवते आणि बाकीच्यांच्या बायका बिनपगारी राबताहेत.

सवय लागलेल्या वाचकाला तेच हवं असतं, असं संपादक मंडळी सांगतात. अर्धं खरं आहे. त्याला तोच माणूस हवा असतो. तेच बोलणं नको असतं. रोज तोच किस्सा सांगणाऱ्या काकांना आपण टाळतो, आणि तेच काका एके दिवशी काही नवं बोलले तर खुर्ची जवळ ओढतो. आवाज ओळखीचा आणि आज काय निघेल याचा नेम नाही, एवढं जमलं तर मथळ्यात 'थक्क व्हाल' लिहावं लागत नाही. जमलं नाही तर लिहूनही उपयोग नाही.

राहिला तिसरा धडा. लेखाच्या शेवटी वाचकाला प्रश्न विचारा, म्हणजे तो गुंततो. तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा. आवडल्यास पुढे पाठवा. घंटी दाबा. ही याचना वाचली की मला ट्रेनमधल्या विक्रेत्याबद्दल आदर वाटतो. तो आधी पेन चालवून दाखवतो. शिवाय विचारून मिळणारी उत्तरं ठरलेली असतात. 'अप्रतिम.' 'नेहमीप्रमाणे सुंदर.' 'आपले सदर नियमित वाचतो', आणि त्याखाली स्वतःचा काव्यसंग्रह परीक्षणासाठी.

वाचकहो, म्हणून मी तुम्हाला काय वाटलं ते विचारत नाही. मला दुसरंच हवंय. या किंवा कुठल्याही सदरात तुम्ही जिथे वाचन सोडून चहाला उठलात, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि कात्रण संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. नाव, गाव, स्तुती काही नको. आणि हे वाक्य वाचण्याआधीच उठला असाल तर तुमचं कात्रण आधी पाठवा, ते जास्त उपयोगाचं आहे.